तेवीस माणसांचा फोटो

आमच्या घरातल्या तेवीस माणसांचा एक फोटो आहे आणि त्यात एकच माणूस दिसतं. फोटो मी काढलेला आहे.

माझा धाकटा भाऊ विन्या बोटीवर असतो. गेल्या मे महिन्यात तो नऊ महिन्यांसाठी निघाला, तेव्हा मुंबईची मंडळीही आंबे खायला मांडवीच्या घरी जमली होती. विन्याचं मागणं एकच. "दादा, केबिनमध्ये लावायला सगळ्यांचा फोटो हवाय. पण त्यात आई हवी हं! माझ्याकडे तिचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा!" खरं होतं ते. आई कॅमेऱ्यासमोर येतच नाही, आणि आलीच तर दात उपटायला आणल्यासारखी ओठ आवळून उभी राहते.

फोटोग्राफर बोलवायचं ठरत होतं, तर मी आडवा आलो! (महिन्याभरापूर्वीच मी कॅमेरा घेतला होता. मोबाइलवर सतरा व्हिडिओ बघून तज्ज्ञही झालो होतो.)

निघायच्या दिवशी सगळ्यांना अंगणात रांगेत उभं केलं आणि आधी व्याख्यान दिलं. "लेन्सच्या पोटात एक भोक असतं, त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. आकडा जेवढा लहान, भोक तेवढं मोठं."

"आकडा लहान तर भोक मोठं?" आप्पाकाका म्हणाले. "हे कुठलं सरकारी खातं रे?"

"काका, तो भागाकार असतो! लेन्सची फोकल लेंथ भागिले भोकाची रुंदी. माझी लेन्स पन्नासची. भोक सताड उघडं ठेवलं, की ज्याच्यावर फोकस तो लख्ख, बाकी सगळं धूसर. झकास दिसतं!"

आई रांगेच्या मागे पडवीच्या पायरीवर काठी घेऊन बसली होती. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, दगडी गडग्याच्या कुंपणाजवळच्या उन्हात, तिनं ताटांतून आंब्याचा रस साठं करायला वाळत घातला होता आणि कावळ्यांशी तिचं युद्ध चालू होतं. तिथूनच ती म्हणाली, "मला एसटीची पाटी दिसत नाही तेव्हा मी डोळे बारीक करते. मग दिसते. तुझं ते भोक बारीक कर की, सगळी दिसतील!"

सतरा व्हिडिओंत मला जे कळलं नव्हतं, ते आईनं कावळे हाकलता हाकलता सांगितलं. आणि मी काय म्हणालो? "आई, तू आपली साठं बघ."

"बघतेच आहे. आणि मला फोटोत धरू नको. हलले की कावळे आलेच!"

विन्याचं तोंड एवढंसं झालं. फाटकाशी रिक्षा उभी होती, गाडीला पाऊण तास राहिला होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तर रांगेतली निम्मीच माणसं आत! माझ्या लेन्सला झूम नाही. माणसं मावत नसतील तर आपणच मागे जायचं. एक पाऊल मागे, आप्पाकाका आले. आणखी दोन, मावशी आली.

"दादा, मागे बघ!"

"कोणी हलू नका!"

"अरे, पण मागे..."

"हसा!"

आणि माझा पाय पहिल्या ताटात! तिथून जो घसरलो तो दुसऱ्या ताटात बैठक मारूनच थांबलो.

"अरे मेल्या, माझी साठं!" आई रांग फोडून काठीसकट माझ्यावर धावून आली. माझ्या बोटानं बटण दाबलं गेलं आणि कॅमेरा तिसऱ्या ताटात पालथा पडला.

पुन्हा फोटो? कॅमेऱ्यातून रस गळत होता. मोबाइल काढावेत तर सगळे पोट धरून हसत होते आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. विन्या आईच्या पाया पडला आणि गेला. फोटोचं त्यानं नावही काढलं नाही, त्याचंच मला फार लागलं.

संध्याकाळी कॅमेरा पुसून पाहिलं. मागे बावीस रंगीत ठिपके. आणि मधोमध आई! फोकस सगळ्यात जवळच्या चेहऱ्याला चिकटला होता. पदर खोचलेला, काठी उगारलेली, हनुवटीवरचा तीळसुद्धा लख्ख. आणि एवढ्या संतापातही ओठाच्या कोपऱ्यातून निसटलेलं हसू! भोक बारीक असतं तर मागचे सगळे ओळखू आले असते आणि आई गर्दीत हरवली असती. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या अर्धवट ज्ञानाचे आभार मानावेसे वाटले.

माफी मागत फोटो विन्याला पाठवला. लगेच उत्तर आलं, "दादा, ही आपली आई! तुझे उपकार फिटायचे नाहीत." मी रडलो. (आई म्हणाली, "आता रडतोस? ताटं कोण घासणार?" घासली.)

आता फोटो विन्याच्या केबिनमध्ये आहे. कप्तानानं विचारलं म्हणे, "ही बाई कोणाला मारायला धावतेय?"

"फोटोग्राफरला," विन्या म्हणाला.

कप्तानानं मागचे बावीस ठिपके नीट निरखले आणि म्हणाला, "बरोबरच आहे तिचं!"