आमच्या घरातली मोहिनी अमां

उल्हासनगरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म दिव्यासमोर धरली आणि पेनाच्या टोकाने एक काळपट डाग दाखवला. "इस्केमिक स्ट्रोक. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पोचलं नाही. उजवा हात-पाय हळूहळू हलायला लागेल. बोलण्याचं मात्र आत्ता सांगता येणार नाही. याला अफेजिया म्हणतात." अफेजिया म्हणजे माणसाला बरंचसं समजतं, पण शब्द सापडत नाहीत. सापडलाच तर भलताच सापडतो.

खरं सांगते, मला हसू आलं. माझ्या आईला शब्द सापडत नाहीत! दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ न देणारी बाई ती. मग मी वॉर्डात जाऊन "आई" म्हटलं. तिने माझ्याकडे अदबीने पाहिलं, बँकेत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडे बघावं तसं. तिथे माझं हसणं आटपलं.

हे लिहितेय ते ज्यांच्या घरी आता असं माणूस परतणार आहे त्यांच्यासाठी. औषधं डॉक्टर सांगतात, व्यायाम फिजिओथेरपिस्ट सांगतो. घरी ठेवायच्या बाईची पारख कशी करायची हे कुणी सांगत नाही. आपलं आपणच ठेचकाळत शिकायचं.

बदलापूरला मांजर्लीत आम्ही दोघीच राहायचो. मी एकुलती एक, लग्नाच्या फंदात न पडलेली, अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत अकाउंट्सला. दिवसभर घरी कोण बसणार? म्हणून आजाऱ्यांसाठी बायका पुरवणाऱ्या एका ब्युरोतून कुसुम आली. वांगणीकडची, चाळिशीची, हाताने राकट पण मायाळू. आल्या आल्या तिने आईची उशी हलवली, पायाखाली घडी घातलेली चादर दिली आणि मला म्हणाली, "तुमी बिनघोर जावा ताई. म्हातारीला काय हवं ते मला बरोबर समजतंय."

मी हिशेबाची बाई, सहजासहजी विश्वास ठेवणारी नव्हे. घरी आले की आधी आईची पाठ बघायचे. बेडसोर म्हणजे एका कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम. ती एकदा झाली की भरता भरत नाही. पाठ स्वच्छ. नखं कापलेली, पावडर लावलेली, चादरीला एक सुरकुती नाही. ब्युरोच्या मॅडम तपासणीला यायच्या, त्याही हेच बघायच्या. "पेशंट त्रास देते का?" हे त्या कुसुमला विचारायच्या. "नाय मॅडम, लय गुणाची हाय," कुसुम सांगायची. मॅडम खूश, मीही खूश. ऑफिसात मी सगळ्यांना सांगत सुटले, बाई मिळावी तर अशी.

मग आईचा अंबाडा गेला. मधोमध भांग आणि चापूनचोपून तेल लावलेली बारीक वेणी आली. मी म्हटलं, झोपताना अंबाडा टोचत असेल. चहात वेलची आली, जी आई थुंकून टाकायची. एके दिवशी ताटात पालक, डाळ आणि आंबट चुका एकत्र घोटलेली साईभाजी दिसली. मी उल्हासनगरच्या कॉलेजात शिकलेय, सिंधी मैत्रिणींच्या डब्यात ती खाल्लीय. आई मुकाट्याने खात होती.

"हे कुठून काढलंस?" मी विचारलं.

"त्यांना आवडतं."

"कुणी सांगितलं तुला?"

"त्यांनीच की," कुसुम म्हणाली आणि आईचे ओठ पुसू लागली.

आईच्या तोंडून तोवर एक धड शब्द निघाला नव्हता.

मला ते विचित्र वाटलं, पण पाठ स्वच्छ होती ना! चांगली बाई घालवायला जीव धजत नाही. पुढे एका संध्याकाळी मी घरी आले तर खिडकीत कणकेचा दिवा तेवत होता आणि आईचे हात जोडून ठेवलेले होते, लुळा उजवा हात डाव्याला नीट टेकवून. आमचं घर बौद्ध. बुद्धमूर्तीपुढे आई मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची. कणकेचा दिवा आमच्या घरात कधी लागलेला नव्हता. मी आत आले तेव्हा आईने दाराकडे पाहिलं आणि नजर माझ्यावर न थांबवता माझ्या मागे नेली. मागे जिना रिकामा होता. ती कुणाची तरी वाट बघत होती. त्या कुणाची तरी जागा मी अडवून उभी होते.

त्या रात्री मला पहिल्यांदा स्पष्ट भीती वाटली. स्ट्रोकने आईचे शब्द नेले होते. आता आई स्वतःच हळूहळू कुठेतरी निघाली होती, आणि तिला कोण नेतंय ते मला दिसत नव्हतं.

पुढच्या शनिवारी हाफ डे होता. दुपारी लोडशेडिंग चालू होतं, बिल्डिंगमध्ये पंख्याचाही आवाज नाही. दार नुसतं लोटलेलं. आतून कुसुमचा आवाज येत होता, ठाय लयीत, बाळाशी बोलावं तसा.

"रडायचं नाय अमां. लक्ष्मणभाई येनार. दुबईवरून यायला टाइम लागतो ना? तुमच्यासाठी शाल घेऊन येनार."

मी दार ढकललं. खुर्चीत पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये, डोक्यावरून ओढणी घेतलेली एक म्हातारी बसली होती. गालांवरून पाणी ओघळत होतं. ती माझी आई होती हे कळायला मला वेळ लागला. जन्मभरात नऊवारीतून पाचवारीत आलेली, तेवढाच काय तो बदल केलेली बाई.

तिने मला पाहिलं. डोळे पुसले. डाव्या हाताने समोरचं स्टूल दाखवलं आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "अचो. वेहो."

या, बसा. सिंधीत. पाहुणीला म्हणतात तसं.

माझ्या आईला मुलगा नव्हता. दुबईत आमचं कुणी नव्हतं. मी त्या स्टुलावर बसले.

मी कुसुमला स्वयंपाकघरात नेलं आणि जे तोंडाला आलं ते बोलले. ती घाबरली नाही, भांडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, झोपेतून उठवल्यासारखी. मग हळूहळू सांगू लागली. उल्हासनगरला मोहिनी अमां म्हणून एक सिंधी बाई होत्या, त्यांचा मुलगा लक्ष्मण दुबईत. कुसुमने त्यांना वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. त्यांच्याच घरी राहायची, त्यांचीच सिंधी बोलायची, त्यांच्याच खाटेखाली झोपायची. गावच्या जत्रेला म्हणून दोन दिवस गेली आणि परत आली तर खोली धुतलेली, खाट उभी करून ठेवलेली. अमांचे कपडे एका गाठोड्यात बांधून तिच्या हातात दिले. ब्युरोने लगेच आमचा पत्ता दिला. त्यांची तशीच पद्धत होती, एक पेशंट गेला की लगोलग दुसरं घर, खाडा नको.

"मी तिला शेवटची बघितलीच नाय ताई," ती म्हणाली. "मग मला कसं वाटनार की ती गेली?"

माझा राग तिथेच विरला असं म्हणणार नाही. मी ब्युरोला फोन केला. मॅडम म्हणाल्या, "अहो, पण पेशंट चांगली आहे ना? पाठ बघितलीत? अशी बाई दुसरी मिळायची नाही." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या तपासणीत कुसुम पहिली आली असती.

सोमवारी मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, हसले नाहीत. "मेंदू शब्दांसाठी चाचपडतोय. कानावर जे सारखं पडतं, ते त्याच्या हाताला लागतं. तुमच्या आईला तिचे स्वतःचे शब्द द्या. ऑटोमॅटिक स्पीच म्हणजे आपोआप येणारं बोलणं, ते बऱ्याचदा शाबूत असतं. प्रार्थना, पाढे, काय पाठ होतं त्यांना?"

"पाढे?" मी म्हटलं. "अहो, कुळगावच्या शाळेत तिने उभी हयात दुसरं काय शिकवलं?"

कुसुमला मी काढलं नाही. काढणारच होते, पण ती पिशवी भरायला लागली तसा आईने डाव्या हाताने तिचा पदर धरला आणि सोडेना. मी दोनच गोष्टी सांगितल्या. गाठोडं माझ्या कपाटात राहील. आणि आईच्या वतीने तू बोलायचं नाही, तिला अडू दे.

आता कुणी शेजारीण मला विचारते, बाई ठेवायची आहे, काय बघू? मी सांगते, पाठ बघ, नखं बघ, ते बघायलाच हवं. पण तिला हेही विचार, याआधी कुणाला सांभाळत होतीस? तो माणूस गेल्यावर तुला घरी जाऊन रडायला मिळालं का? आणि आपलं आजारी माणूस दिवसभरात कशाला तरी 'नको' म्हणतं का, ते कान देऊन ऐक.

मी रजा टाकून घरी बसले. "बे एके बे" म्हणायचे आणि थांबायचे. कितीतरी दिवस आई माझ्याकडे पाहुणीकडे पाहावं तशीच बघत राहिली. मग एकदा ओठ हलले, "बे दुणे चार," आणि पुढची ओळ सुटली ती थेट वीसपर्यंत. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. पण मी कोण, हे तिच्या चेहऱ्यावर अजून उमटत नव्हतं.

एका दुपारी मी कुसुमला म्हटलं, तूही बस, तूही म्हण. ती लाजली. शाळा तिने तिसरीत सोडलेली. तिघी मिळून तीनचा पाढा म्हणत होतो. मी मुद्दाम आवाज खाली आणला आणि कुसुम एकटीच पुढे गेली, "तीन साते बावीस."

"चूक," आई म्हणाली.

आईच्या भुवया वर गेल्या होत्या, मान ताठ झाली होती. हा चेहरा मी ओळखत होते. याच चेहऱ्याला मी लहानपणी चळाचळा कापायचे. तिने माझ्याकडे वळून पाहिलं, माझ्या मागे नाही. "ज्योती," ती म्हणाली, "हिला... शिकव."

मी तोंडावर हात धरला. कुसुम आईकडे एकटक बघत होती, खूप दिवसांनी दिवा लागलेल्या खोलीत बघावं तशी.

"ही अमां नाय," ती पुटपुटली. "अमां कदी असं बोलली नाय मला. ताई, अमां गेली हो." आणि ती जमिनीवर बसून धाय मोकलून रडू लागली, घरचं माणूस गेल्यावर रडतात तशी.

आईने तिला पोटभर रडू दिलं. मग डाव्या हाताने तिची हनुवटी वर केली.

"म्हण," ती म्हणाली.