सात ते आठ फोन उचलायचा नाही

गुणाजी घाडी माणूस तसा सरळ, पण पेटी दिसली की ती उघडल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. परळच्या एका इस्पितळाच्या टेलिफोन रूममध्ये एकतीस वर्षं काढली. बाकीचे ऑपरेटर लाइन होल्डवर टाकून चहा प्यायचे आणि हा बाबा झाकण काढून बघत बसायचा, एकशे बारा फिरवला की नेमकी त्याच वॉर्डात घंटी वाजते ती कशी. कंपनीचं सील तोडलं म्हणून दोनदा मेमो मिळाला. तरी खोड गेली नाही. बायको वारली, मुलगी वैदेही लग्न होऊन माहीमला गेली, तेव्हा हा रिटायर झालेला गडी घोडपदेवला गावच्या मंडळाच्या खोलीत राहायला आला.

ही खोली देवगडकडच्या एका गावातल्या मंडळींनी गिरण्यांच्या काळात घेतलेली. तेव्हा तिथे पाळीपाळीने चाळीस जण झोपायचे. आता सहा-सात जण, भिंतीला लागून ट्रंका आणि कोपऱ्यात टेलिफोन. त्याचा नंबर गावातल्या म्हाताऱ्यांना झोपेत विचारला तरी सांगता येईल. गावात मात्र तरुण माणूस औषधालाही उरलेला नाही. तीन वर्षांपूर्वी बाबुराव नावाचे एकटे गृहस्थ घरात पडले, ते दोन दिवस कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

तेव्हापासून कमळाबाईंचा नियम सुरू झाला. कमळाबाई शेजारच्याच खोलीत राहतात. त्यांचे यजमान मंडळाचे चिटणीस होते. ते गेले, आणि मंडळ न विचारताच बाईंच्या अंगावर येऊन पडलं. नियम असा, की गावात एकट्या राहणाऱ्या तेवीस जणांनी रोज सकाळी सात ते आठमध्ये खोलीवर मिस कॉल द्यायचा. याचा अर्थ, उठलो, बरा आहे. बाई नंबर बघून वहीत नावापुढे खूण करणार. आठ वाजता ज्याची खूण नाही, त्याच्या शेजाऱ्याला फोन. आणि त्या तासात रिसीव्हरला कुणीही हात लावायचा नाही. एकाशी गप्पा मारत बसलं तर बाकीच्यांना एंगेज लागणार. बाईंनी तशी पाटीच लावली होती आणि पाटी मोडायची कुणाची छाती नव्हती.

तरी दोघांचे फोन एकदम आले की एकाला एंगेज लागायचाच. मग तो विसरायचा, आणि इकडे बाई शेजारपाजाऱ्यांना हैराण करायच्या. गुणाजीच्या हाताला खाज सुटली. त्याने कुठेतरी वाचलं होतं, की अख्खं टेलिफोन एक्स्चेंज कॉम्प्युटरवर फुकट घालता येतं आणि ते आतून कसं चाललंय हे कुणालाही उघडून बघता येतं. फुकट आहे याचं त्याला काही नव्हतं. उघडून बघता येतं, या तीन शब्दांनी त्याला झोप येईना.

बंद पडलेल्या एका सायबर कॅफेचा जुना कॉम्प्युटर आला, त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स चढलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. हा चष्मा कपाळावर, वही मांडीवर, एका बोटाने कमांड टाइप करतोय. चुकला की कॉम्प्युटर इंग्रजीत खेकसायचा, तो हा शब्दन्‌शब्द वहीत उतरवून घ्यायचा. नंबर तोच ठेवून लाइन इंटरनेटवर नेली. चौथ्या महिन्यात पहिली घंटी वाजली. आता पाच फोन एकदम आले तरी पाचही दिसायचे, तेही नावासकट. कमळाबाई म्हणाल्या, "भावजी, यंत्र शहाणं दिसतंय." त्यांच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदकच होतं.

मग एका शनिवारी अपडेट आलं. गुणाजीला वाटलं, बघूया तरी आत काय नवीन आहे. अर्ध्यावर कॉम्प्युटरने विचारलं, तुम्ही बदललेली सेटिंगची जुनी फाइल ठेवू की आमची नवी घालू? इस्पितळात कंपनीचा माणूस एक्स्चेंजचं नवं कार्ड घेऊन आला की जुनं उपटून काढायची रीत. गुणाजीने बेधडक सांगितलं, नवी.

रविवारी सात वाजले. बाई वही उघडून बसल्या. सव्वासात झाले, साडेसात झाले. फोन मुका. पावणेआठला बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"भावजी, तेवीसपैकी एक नाही. असं कसं होईल?"

 त्या तेवीसांत रमाबाई होती, गुणाजीची अक्का. आई गेल्यावर जिने त्याला वाढवलं ती. अठ्ठ्याहत्तरीची, घरात एकटी. त्याने तिचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग धावत कॉम्प्युटरपाशी गेला आणि आलेल्या फोनांची यादी उघडली.

यादीत तेवीसच्या तेवीस नावं होती. म्हणजे फोन सगळे आले होते, पण खोलीतली घंटी वाजलीच नव्हती. नव्या फाइलीने पहिल्याच रिंगला फोन स्वतः उचलला होता, कुठल्याशा बाईच्या आवाजात इंग्रजीतून 'निरोप ठेवा' सांगितलं होतं आणि पुढचं रेकॉर्ड केलं होतं. बहुतेकांनी घाबरून चार-पाच सेकंदांत ठेवून दिलेला. एकाच नावापुढे मात्र अकरा मिनिटं लिहिली होती. रमाबाई.

"अकरा मिनिटं?" कमळाबाई म्हणाल्या. दोघांच्याही मनात एकच आलं. फोन लागलेला, आणि म्हातारी शेजारी जमिनीवर पडलेली. बाबुरावांच्या हातातही फोनच सापडला होता. गुणाजीने रेकॉर्डिंग लावलं.

आधी नुसता श्वास. मग अक्काचा आवाज. "कोण गो तू? इंग्लिशीत काय बोलतंस? मी गुणाजीची अक्का. गुणाजी आसा काय थंय?" थोडं थांबून, "नाय? बरां. तू तरी आयक."

आणि ती बोलत सुटली. गुडघा धरलाय. परसातला फणस औंदा धरला नाही. मग आवाज खाली आणून, "गाय इकलंय. गुणाजीक सांगलंय नाय, तो रागावतलो म्हणान. ती होती तवसर गोठ्यात जावन बोलत बसा होतंय. आता कोणाशी बोलू?"

 रोज सकाळी तिच्या नावापुढे खूण होत होती. बरी आहे, असं वहीत तीन वर्षं लिहिलेलं होतं. गुणाजीने ती वही रोज बघितली होती आणि निर्धास्त चहा प्यायला होता. त्याला आता स्वतःची लाज वाटली.

रेकॉर्डिंगमध्ये भांड्यांचा आवाज आला. "चल बाय, पाणी भरूक जातंय. फोन हयच ठेवतंय. इतकी वरसां झाली, घंटी वाजता नि कोण उचलणा नाय. आज तू उचललंस. बरा वाटला. उद्या ह्याच टायमाक उचलशीत मां?"

म्हणजे अक्का विहिरीवर होती. गुणाजी हायसं वाटून मटकन ट्रंकेवर बसला आणि रडला. लपवायच्या भानगडीत पडला नाही.

जुनी फाइल त्याने दुपारीच परत घातली. घंटी वाजते की नाही ते दोनदा तपासलं. मग म्हणाला, "वयनी, झालं सगळं पहिल्यासारखं. उद्यापासून मिस कॉल चालू."

कमळाबाई भिंतीवरची पाटी उतरवत होत्या.

"पाच फोन एकदम घेतं ना तुमचं यंत्र?" त्यांनी विचारलं. "मग मला अजून चार रिसीव्हर लावून द्या. उद्या आपण उचलणार आहोत."