काटेवालीची बोटं

मासळी डब्यात भरायच्या कारखान्यात एकतीस वर्षं तिला कुणी नावाने हाक मारली नाही. सगळ्यांची ती काटेवाली. उकडलेला बांगडा पट्ट्यावरून पुढ्यात आला की ही मान वर करून शेजारणीशी गप्पा मारायची, आणि खाली बोटं आपली काटे वेचत असायची. एकदा दिवे गेले तेव्हा बाकीच्या बायका हात आवरून बसल्या, हिचं काम थांबलं नाही. पुढे यंत्र आलं आणि हिला फुलांचा गुच्छ देऊन घरी धाडलं. गरज सरो, वैद्य मरो! तिने गुच्छाची रिबीन सोडली, फाटकाबाहेर खाजवत बसलेल्या कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला घेऊन घरी आली. फुलं तिथेच कचऱ्याच्या डब्यात गेली.

कुत्र्याचं नाव पडलं टकल्या. दुसरं काय पडणार? पाठीवरची कातडी लालभडक, केस औषधालाही नाहीत. तिने आपल्या अकलेने उपाय केला: कारखान्याचे मासळीचे डबे फोडून घातले, तेही खाऱ्या पाण्यासकट. टकल्या घटाघटा पाणी प्यायला आणि दिवसभर ओकला.

"मावशी, मिठातला मासा घातलात?" जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमच्या कारखान्याचा आहे. पहिल्या प्रतीचा."

"असेल, पण माणसांसाठी." बाईंनी कातडीचं औषध लिहून दिलं. "तेलकट मासा त्याला चांगलाच. बांगडा घाला, तारली घाला. पण ताजा, साध्या पाण्यात उकडलेला. मीठ नाही, कांदा नाही, फोडणी नाही. आठवड्यातून दोनदा, रोजच्या खाण्यात थोडासा कालवून. दोन महिने धीर धरा. आणि मुख्य म्हणजे, काटा एकही राहता कामा नये."

हे शेवटचं ऐकून तिला हसू आलं. एवढंच ना?

पण घरात मुलगा होता. चष्म्यांच्या दुकानात कामाला होता, आणि आईचे डोळे त्यानेच तपासले होते. माणूस वाईट नव्हता, काळजीने काव आणणाऱ्यांतला होता. आधी त्याने वासावरून नाक मुरडलं. तिने खिडक्या उघडल्या. मग म्हणाला, शेजारी काय म्हणतील? ती म्हणाली, म्हणू देत, तोंड त्यांचं आहे. सहाव्या आठवड्यात टकल्याच्या पाठीवर बारीक लव दिसायला लागली. औषधाने की मासळीने, देव जाणे. तिने सगळं श्रेय मासळीला देऊन टाकलं होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मुलाने तिला काटे काढताना पाहिलं. हात ताटलीत, तोंड खिडकीकडे.

"आई, तू बघतसुद्धा नाहीस!"

"बघून करायचं काम आहे का ते?"

"तुला समोरचं घड्याळ दिसत नाही. एक काटा त्याच्या घशात अडकला तर तुझ्या हातून मरेल तो. मग काय करशील?"

हे मात्र तिला लागलं. यंत्र आलं तेव्हासुद्धा एवढं लागलं नव्हतं. यंत्राला निदान तिचे हात माहीत नव्हते.

"रविवारी प्राण्यांच्या निवाऱ्याची गाडी येईल," मुलगा म्हणाला. "मी बोललोय त्यांच्याशी."

"मग त्यांना दोन जागा ठेवायला सांग."

रविवारी सकाळी तिने दोन बांगडे उकडले. निवल्यावर एक स्वतःपुढे घेतला, दुसरा मुलापुढे ठेवला.

"कर साफ. तुझे डोळे चांगले आहेत. चष्मा लाव, दिवा लाव, दुकानातला तो बारका चिमटा आण. मला घाई नाही."

मुलालाही चेव चढला. अर्धा तास तो ताटलीवर वाकून बसला होता. टकल्या टेबलाखाली कुरकुरत होता. शेवटी मुलाने पाठ सरळ केली. "घे. एक काटा नाही."

तिने ताटली ओढली आणि खिडकीकडे तोंड केलं. बोटं मासळीतून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. एक काटा मुलाच्या तळहातावर आला. मग दुसरा, मग तिसरा. पाचवा तर केसाएवढा बारीक. मुलगा हाताकडे बघत राहिला.

"आता माझी ताटली बघ."

त्याने तिची मासळी दिव्याखाली धरली, चिमट्याने चिवडली, पार भुगा केला. त्यात काही निघालं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

खाली गाडीचा भोंगा वाजला. मुलगा खिडकीशी गेला.

"कुत्रा द्यायचा नाहीये," तो म्हणाला.

"का हो? काय झालं?" खालून प्रश्न आला.

"माझं चुकलं."

"मोठ्याने," ती मागून म्हणाली. "ऐकू गेलं नाही त्यांना."

"माझं चुकलं!" तो ओरडला. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. तिने त्यांच्याकडे बघून मान हलवली.

मग स्वतःच्या ताटलीतली थोडी मासळी टकल्याच्या खाण्यात कालवून त्याच्यापुढे ठेवली. मुलाची ताटली तिने मुलाकडेच सरकवली.

"बस, खाऊन घे," ती म्हणाली. "आता तुझ्याही घशात अडकणार नाही."