ब्रेक कुणी मारायचा?

मामांचा उजवा पाय मुळात मामांचा नव्हताच. तो त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलचा होता. न्हाव्याच्या खुर्चीत, दाताच्या डॉक्टरकडे, कुठेही बसलेले असोत, समोरून काही आलं रे आलं की तो पाय जमीन दाबायचा. घरी टीव्हीसमोरच्या सतरंजीला बरोबर त्याच जागी भोक पडलं होतं. मामींनी ठिगळ लावलं, तर ठिगळालाही भोक. "लोक जिभेने घरं फोडतात, आमचे हे पायाने सतरंज्या फाडतात," असं म्हणून त्यांनी नाद सोडला.

शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाकीचे शिक्षक तो अडीनडीला वापरतात, मामा तो श्वासासारखा वापरत. शिकणाऱ्याने घाबरून "मामा!" म्हणून ओरडायचं आणि गाडी थांबायची, अशी तिथली रीतच पडून गेली होती. लायसन्सच्या परीक्षेला अधिकारी मागच्या सीटवर बसे. पुढे कुणाचा पाय कशावर आहे ते त्याला दिसत नसे. परीक्षेत "मामा" जरा हळू म्हणायचं, एवढाच फरक.

"माझ्या हाताखालून गेलेला एकही परीक्षेत धडकला नाही!" मामा छाती फुगवून सांगत. खोटं नव्हतं ते. परीक्षेनंतर काय व्हायचं ते मात्र बाजारातल्या खांबांना विचारावं. एकेका खांबावर बंपरच्या उंचीला लाल, निळा, चंदेरी असे रंगांचे थर चढलेले. मामांची धाकटी बहीण, ताई, चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. नजरही तिची तशीच घासलेली. त्या खांबांना ती 'दादाच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा' म्हणायची.

या ताईचा मुलगा भिंगरी. पाय जमिनीवर ठरायचा नाही म्हणून नाव पडलं ते पडलंच. वडील लवकर गेले, पोरगा मामांच्या गाडीत वाढला. बुडाखाली उशी घेऊन बंद पडलेल्या गिरणीच्या मैदानात तो गाडी फिरवायचा, भिंत जवळ आली की "मामा!" म्हणून किंचाळायचा, आणि गाडी थांबली की खदाखदा हसायचा. पुढे छोट्या रेसगाड्या आल्या, चषक आले. आता अठरा पुरी व्हायच्या आधीच सगळ्यात वरच्या शर्यतीतला एक संघ त्याला मागायला आला होता.

मग काय, सगळ्या जगाला एकच चिंता: पोरगा तयार आहे का? टीव्हीवर चार पंडित बसले. एक म्हणाला पिकलाय, दुसरा म्हणाला कच्चा आहे. बाजारात कलिंगडाला टिचक्या मारून बघतात तसा जो तो येऊन त्याच्या डोक्यावर टिचकी मारून जात होता. या पंडितांपैकी एकाचाही मुलगा त्या गाडीत बसणार नव्हता. म्हणून तर आवाज इतके मोकळे!

संघाचा माणूस ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आला. हा माणूस इतका गुळगुळीत होता की त्याच्यावर माशी बसली असती तरी घसरली असती.

"मामासाहेब, इतक्या उशिरा ब्रेक मारणारा पोरगा आम्ही आयुष्यात पाहिला नाही," तो म्हणाला. "बाकीचे जिथे घाबरतात, तिथे हा पुढे निघतो. भीती ही चीजच नाही त्याच्यात!"

"माझा हात फिरलाय त्याच्यावर," मामा म्हणाले.

"हात की पाय?" ताई म्हणाली. मग त्या माणसाकडे वळली. "माझा होकार लागतो ना तुम्हाला? मला शर्यतीतलं काही कळत नाही. दादा तयार म्हणाला तर मी तयार म्हणेन. पण आधी त्याने डोळ्यांनी बघायला हवं."

झालं. गुळगुळीत माणसाने मामांना तिथल्या तिथे तीनदा साहेब म्हणून घेतलं.

चाचणीच्या दिवशी भावाबहिणीला संघाच्या गॅरेजमध्ये नेलं. फरशी इतकी स्वच्छ की ताईने चपला दारात काढल्या आणि सगळे तिच्याकडे बघत राहिले. दोघांच्या कानांवर हेडफोन चढवले. भिंगरीची गाडी सुटली. सरळ रस्ता संपत आला, पहिलं वळण आलं, आणि कानात भिंगरीचा पुटपुटता आवाज आला:

"मामा..."

मामांच्या पायाने फरशी दाबली.

पुढचं वळण. "मामा..." पाय. त्यापुढचं वळण. "मामा..." पाय.

"ही त्याची एकाग्रतेची पद्धत आहे," शेजारची इंजिनियर बाई कौतुकाने म्हणाली. "दर वळणाआधी काहीतरी मंत्र म्हणतो. आमच्या मानसतज्ज्ञांनी त्यावर भाषणसुद्धा दिलंय. दुसऱ्या ड्रायव्हरांनाही शिकवायचा विचार चाललाय."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगा उशिरा ब्रेक मारत होता ते धाडसाने नव्हे. तो आधी मामांची वाट बघत होता. शेजारी कुणी नाही हे आठवलं की मग स्वतःचा पाय टाकत होता. गॅरेजमधले सगळे शहाणे त्या मधल्या क्षणाला टाळ्या वाजवत होते.

गाडी थांबली. गुळगुळीत माणूस हात चोळत आला. "मग मामासाहेब? तयार?"

तयार म्हणावं तर पोराचा जीव, नाही म्हणावं तर मामांची आयुष्यभराची फुगवलेली छाती. ताई त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हती, ती त्यांच्या पायाकडे बघत होती.

"उद्या सांगतो," मामा म्हणाले. "एकदा माझ्या गाडीत बसवून."

"तुमच्या गाडीत?" तो माणूस हसला. "ती कितीला पळते?"

"ती थांबते," ताई म्हणाली. "पळण्याचं कौतुक तुमच्याकडे आहेच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पाना घेऊन गाडीखाली शिरले आणि आपल्या बाजूचा ब्रेक सोडवून काढला. मामी म्हणाल्या, "अहो, किडनी काढून ठेवल्यासारखं तोंड का झालंय तुमचं?" मामांनी भिंगरीला स्टिअरिंगवर बसवलं, ताई मागे, आणि स्वतः सीटवर चक्क मांडी घालून बसले.

"मामा, हे काय? जेवायला बसलास का?"

"तू चालव. बाजाराच्या उतारावर घे."

गाडी उतारावरून निघाली. खाली खांबांचा मेळावा उभा होता. खांब जवळ आला. भिंगरी गमतीत म्हणाला, "मामा!" मामांच्या मांडीत गोळा आला, पण मांडी सुटली नाही. खांब आणखी जवळ आला. "मामा!! अरे मामा!"

करकचून ब्रेक लागला, पण जरा उशिरा. बंपरने खांबाला रंगाचा आणखी एक थर दिला. समोरच्या दुकानातून दोन प्लास्टिकच्या बादल्या गडगडत आल्या.

"वेडा झालास का?" भिंगरी ओरडला. "तू ब्रेक का नाही मारलास?"

पोराचं वाक्य गाडीत तसंच लोंबकळत राहिलं. हळूहळू त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं, कारण तो आपल्या पायाकडे बघू लागला.

"दर वळणाला मी..." तो म्हणाला आणि थांबला.

"दर वळणाला," मामा म्हणाले. "आणि तुला ही खोड लावली मीच. खांब काय उगाच रंगलेत?"

ताईने तिथूनच गुळगुळीत माणसाला फोन लावला. "दादा नाही म्हणाला. पुढच्या वर्षी या."

"बाई, पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी तयार असेल!"

"मग त्याला घ्या. त्याच्या आईला माझा नमस्कार सांगा."

भिंगरी आठवडाभर कुणाशी बोलला नाही. रडलाही असेल, दार बंद होतं. मग एका सकाळी गाडीची किल्ली मामांसमोर आपटून म्हणाला, "चल. मांडी घालून बस." तेव्हापासून दोघं रोज उतारावर. बादलीवाल्याने बादल्या आत घेतल्या. मामांच्या बाकीच्या विद्यार्थ्यांनीही मांडी घातलेला मामा बघितला. निम्मे पळून गेले. उरलेले पहिल्यांदाच गाडी शिकले.

नवा हंगाम सुरू झाला. संघाने दुसरा पोरगा आणला होता, भिंगरीहून लहान. तेच पंडित, तीच कलिंगडाची टिचकी: तयार आहे, पूर्ण तयार आहे! सगळं घर टीव्हीसमोर बसलं. पहिल्याच वळणाला तो पोरगा भरधाव घुसला.

ताई शर्यत बघत नव्हती. ती सतरंजी बघत होती. पाय दाबला गेला, पण भोकावर नाही, भोकाच्या शेजारी. तो पाय भिंगरीचा होता, कुणालाही हाक न मारता पडलेला. मामांचा पाय मागाहून आला.

टीव्हीवर गाडी भिंतीला घासून थांबली. पोरगा लंगडत बाहेर आला. गुळगुळीत माणूस कॅमेऱ्यासमोर सांगत होता, "त्याला अजून अनुभव हवा."

"भिंगरी," ताई म्हणाली, "लाव त्या माणसाला फोन. सांग, आई हो म्हणतेय."

"आई, ते आता आपला फोन उचलत नाहीत."

"नाही उचलत?" ताईने चष्मा काढून पदराने पुसला. "मग ते अजून तयार नाहीत. थांबू आपण."