मिनलच्या डोक्यावरची पिवळी दोरी

काळेवाडीच्या मिनलचा एकच तोरा होता: तिच्यामुळे लाइन कधी थांबली नव्हती. चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी बांधणाऱ्या बायका ओळीनं उभ्या राहायच्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक पिवळी दोरी लोंबायची. काही बिघडलं की दोरी ओढायची, अख्खी लाइन थांबायची. पण ओढणारीकडे बाकीच्या अशा बघायच्या, जणू तिनं सगळ्यांच्या अन्नात माती कालवली. मिनलनं ती दोरी फक्त पुसली होती, धूळ बसते म्हणून!

सातव्या महिन्यात तिचं पोट अधूनमधून दगडासारखं घट्ट व्हायला लागलं. उभं राहून होत असेल, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. घरी सांगितलं तर रजा घ्यावी लागली असती, आणि लाइन लीडरची निवड तोंडावर आली होती.

नणंद ऋता बायोकेमिस्ट्री शिकत होती. भाकऱ्या थापताना मिनलनं तिला सहजच विचारल्यासारखं विचारलं, "नऊ महिने पोट आवळत नाही ते कसं गं?"

ऋता खुलली. "वहिनी, गर्भाशयाच्या स्नायूत ॲक्टिनचे तंतू असतात. मायोसिन त्यांना ओढतं, की स्नायू आवळतो. पण कॅल्डेस्मॉन नावाचं प्रथिन तंतूंना चिकटून बसतं, मायोसिनला नीट ओढू देत नाही. दिवस भरले की त्याचा धाक कमी होतो."

"आणि आधीच कमी झाला तर?"

"तर कळा लवकर येऊ शकतात. इतरही कारणं असतात म्हणा. पण तसं वाटलं तर तडक दवाखाना गाठायचा." ऋतानं मान वर केली. "तुला होतंय का काही?"

"छे, मला कुठलं!"

खोटं इतकं अलगद निघालं की तिची तिलाच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी लाइनवर पोट आवळलं, सुटलं, पुन्हा आवळलं. कंबरेतून कळ निघू लागली. सुपरवायझर रोहिदासभाऊ जाता जाता म्हणाले, "मिनलताई, उद्या लीडर म्हणून तुमचं नाव लागतंय बरं का."

मग एवढी शिफ्ट काढायचीच, तिनं ठरवलं. अगं वेडे, कुणासाठी? पण तिथं हे म्हणणारं कोणी नव्हतं.

चहानंतर पायांवरून ऊन पाणी ओघळलं. तिनं हात वर केला आणि दोरी ओढली. भोंगा वाजला, पट्टा जागीच थांबला. साऱ्या जणी वळून बघू लागल्या.

"काय बिघडलं?" रोहिदासभाऊ धावत आले.

मिनलनं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. लाइन थांबली होती. आतलं आवळणं थांबत नव्हतं.