मेलेल्या बहिणीचं नाव

इजिप्तमधल्या मिन्यात आमच्या समोरच्याच घरात उम्म फिबी, म्हणजे फिबीची आई, राहायची. तिची पहिली मुलगी फिबी चार वर्षांची असताना तापानं गेली. पुढच्या वर्षी दुसरी झाली, तर तिचंही नाव हिनं फिबीच ठेवलं.

मी म्हटलं, "अगं, दुसरं नाव सुचलं नाही का?"

"दुसरं कशाला? माझी फिबी परत आलीय."

दुःखात माणूस काहीही बोलतं. पण ही नुसतं बोलून थांबली नाही. धाकटीच्या अंगात थोरलीचे झगे. भिंतीवर थोरलीचा फोटो, आणि पाहुण्यांना सांगायचं, "ही आमची लहान असतानाची." थोरलीच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. धाकटीचं कोरं मनगट उलटंपालटं करून ही म्हणायची, "बघा, देवाच्या कृपेनं डागसुद्धा राहिला नाही!" मला शिसारी यायची.

सगळ्यात किळसवाणं म्हणजे गतासच्या, येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाचं जेवण. त्या दिवशी आम्हा ख्रिस्ती लोकांत घरोघर अळकुड्यांचा हिरवा रस्सा होतो. थोरलीचा त्यावर जीव. धाकटीच्या मात्र तो बुळबुळीत घास घशाखाली उतरायचा नाही. उम्म फिबी तिची हनुवटी धरून चमचा कोंबायची. "वाटी चाटूनपुसून खायचीस की गं! विसरलीस?" पोरगी भडभडून ओकायची. ही तिचं तोंड पुसायची आणि पुन्हा चमचा भरायची.

फिबी मोठी झाली, शिवणकाम शिकली. एकदा माझ्याकडे बसली असताना म्हणाली, "मावशी, आई सांगते ना, मी लहानपणी कालव्यात पडले होते, ते मला आठवतं. गार पाणी, नाकात चिखल, सगळं. पण पडली ती होती ना?"

"तीच, बाळ. तू जन्मलीसुद्धा नव्हतीस."

तिनं थुंकल्यासारखं तोंड केलं. "म्हणजे माझ्या डोक्यातलंसुद्धा उष्टंच."

पुढे फ्रिज दुरुस्त करणाऱ्या वगदीशी तिचा साखरपुडा झाला. गतासला तो आणि त्याची आई जेवायला आले, मलाही बोलावलं होतं. उम्म फिबीनं लेकीच्या ताटात रस्सा वाढला आणि वगदीच्या आईला कौतुकानं सांगू लागली, "हिला लहानपणी याचं असं वेड होतं ना!"

फिबीनं घास तोंडात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तिनं तो सगळ्यांदेखत टेबलावर थुंकला.

"आई, ती मेलीय. मला हे आवडत नाही. कधीच आवडलं नाही."

उम्म फिबी शांतपणे टेबल पुसायला लागली. "माझी फिबी असं बोलत नाही."

"कशी बोलेल? तिला पुरलंय तुम्ही!"

वगदीची आई क्रूसाची खूण करत उठली. जिन्यात वगदी फिबीला म्हणाला, "दोन घास गिळले असतेस तर काय बिघडलं असतं? तेवढंच तुझ्या आईचं समाधान."

फिबीनं बोटातली अंगठी काढून त्याच्या हातावर ठेवली. "तुलाही तीच हवी दिसतेय. जा, कबरस्तानात शोध."

त्याच आठवड्यात ती अस्यूत शहरात निघून गेली, एका शिवणाच्या दुकानात कामाला लागली. तिथं तिनं आपलं नाव सलवा सांगितलं. उम्म फिबीनं तिची एकदाही चौकशी केली नाही. "माझी फिबी फार लहानपणी गेली हो," असं आता ती सगळ्यांना सांगते, डोळे पुसते, आणि बायका तिला जवळ घेतात. मी नाही घेत. मला तिचा हातही नको वाटतो.

मागच्या हिवाळ्यात मी अस्यूतला गेले. सलवा मला बाजारात घेऊन गेली. मी म्हटलं, "काय खाशील, बोल." ती खाण्याच्या गाड्यांसमोर कितीतरी वेळ नुसती उभी.

"मावशी, काय नको ते मला चटकन कळतं. काय हवं ते नाही कळत."

तिनं एक पेरू घेतला, एकदा चावला, नाक मुरडलं आणि फेकून दिला. मग भाजलेलं रताळं घेतलं. अर्धं खाल्लं, उरलेलं माझ्या हातात दिलं आणि पुढच्या गाडीकडे निघाली.