वाचताच नष्ट करावे

प्यो गी-ह्वानची अक्कल किती, हे कंपनीत दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला स्वतःला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

इंचॉनच्या नामदोंग औद्योगिक वसाहतीत शाळांच्या स्वयंपाकघरांसाठी भात शिजवायची मोठाली यंत्रं बनवणारी ती कंपनी. प्यो तिथे पोरवयात चिकटला आणि पन्नाशी उलटता उलटता बुजांग, म्हणजे विभागप्रमुख, होऊन बसला. एवढ्या वर्षांत त्याने केलं काय, तर वरच्यांचे पेले भरले. कुठल्या साहेबाला सोजूबरोबर कुठलं सूप लागतं, कोण गायला उभा राहिला की टाळ्या कितपत जोरात वाजवायच्या, कुणाच्या सासूच्या मयताला पाकिटात किती घालायचे, या शास्त्रात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मालकाच्या खालोखाल असलेले जनमू, म्हणजे बांग साहेब, शनिवारी डोंगर चढायला निघाले की प्यो त्यांच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून चाले. पाठपिशवीत सोललेल्या काकड्या असत. साहेबांनी मागे न बघता हात पसरायचा आणि हातात काकडी पडायची. एखाद्या माणसाचं आयुष्य इतकं थोडक्यात सांगता यावं, हीच मोठी लाजिरवाणी गोष्ट आहे.

त्याची आता एकच धडपड होती. आमच्या कोरियात त्या वयाच्या बुजांगसमोर दोनच वाटा असतात. वर्षाअखेरीच्या यादीत नाव लागून संचालक व्हायचं, नाहीतर मुकाट्याने राजीनामा देऊन तळलेल्या कोंबडीचं दुकान टाकायचं. प्योने बायकोला सांगून ठेवलं होतं की यंदा नाव लागणार. बांग जनमूंनी डोंगराच्या माथ्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, तेवढ्यावर हा भरवसा.

त्यात दोन वर्षांपूर्वी कंपनीने त्याला सोंगदोच्या एका हॉटेलात अर्ध्या दिवसाच्या व्याख्यानाला पाठवलं होतं. विषय होता, कंपनीची ईमेल आणि संगणकातली माहिती कायद्याच्या कचाट्यात कशी सापडते. व्याख्यान देणारा वकील साधं सांगत होता. उद्या ही मेल न्यायाधीश वाचणार आहे असं धरून लिहा. काय किती दिवस ठेवायचं आणि कधी काढून टाकायचं याचा नियम करा आणि तो पाळा. आणि चौकशीची नुसती कुणकुण लागली तरी तिथून पुढे एक अक्षरही पुसू नका. यातलं पहिलं चाललं तेव्हा प्यो बांग जनमूंना हॉटेलच्या जेवणाचे फोटो पाठवत होता. शेवटचं चाललं तेव्हा तो गाडी काढायला निघाला होता. ‘काढून टाका’ एवढं मात्र त्याने ऐकलं.

अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण हा आठवड्याभरात कंपनीचा माहितीशास्त्री झाला. महत्त्वाच्या प्रत्येक मेलच्या डोक्यावर लाल अक्षरात ‘वाचताच नष्ट करावे’ असं लिहायची त्याने शिस्त घातली. स्वतः तर तो एखाद्या व्रतासारखी ती पाळी. खरेदीची मेल लाल, पगारवाढीची लाल, आणि एकदा मालकाच्या वाढदिवसाच्या जेवणाचा बेतसुद्धा लाल अक्षरात आला. ‘वाचताच नष्ट करावे’ असं लिहिलेला मजकूर जगात कुणी कधी नष्ट केला आहे? साधी मेल माणूस विसरतो. लाल दिसली की तीन जणांना दाखवतो आणि जपून ठेवतो. पण हे कळायला माणसाचा थोडा अभ्यास लागतो, आणि प्योचा सगळा अभ्यास सुपांचा.

नष्ट करण्याजोगं होतं, यात मात्र खोटं नाही. ही कंपनी आणि आणखी दोन कंपन्या मिळून शाळा आपसात वाटून घेत. कुठली निविदा कुणी जिंकायची, कुणी मुद्दाम जास्त भाव भरून हरायचं, हे आधी ठरे आणि निविदा मग भरल्या जात. म्हणजे पोरांच्या दुपारच्या जेवणाच्या पैशावर सरळ दरोडा, तोही टाय लावून. ठरवणारे बांग जनमू. ते तोंडाने सांगत, काकडी खाता खाता. प्यो ते आज्ञाधारकपणे लिहून काढी आणि त्या दोनपैकी एका कंपनीतल्या सोक नावाच्या माणसाला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्यावरून, लाल ओळ घालून पाठवी. सोक उत्तर देई, ‘आभारी आहे, नष्ट केली.’ प्यो त्यावर विश्वास ठेवी.

मग एका शरद ऋतूत सोकने फोन उचलणं बंद केलं. आमच्याकडे असल्या टोळीतला जो पहिला सरकारच्या व्यापार आयोगाकडे जाऊन कबुली देतो, त्याचा दंड माफ होतो. धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. सोक आजारी असेल असं प्योला वाटलं आणि त्याने त्याच्या घरी नाशपातींची पेटी पाठवली.

कंपनीच्या वकिलाला मात्र वास लागला. त्याने शुक्रवारी सगळ्यांना सूचना काढली की चौकशी होण्याची शक्यता आहे, तेव्हा कुणीही कुठलीही मेल, फाइल, संदेश पुसू नये. जो पुसेल त्याला तो वेगळा गुन्हा लागेल. दुसऱ्या दिवशी डोंगरावर बांग जनमूंनी तोंड पुसत दरीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “प्यो बुजांग, पाहुणे यायच्या आधी घर झाडलेलं बरं असतं.”

शहाणा माणूस असता तर म्हणाला असता, साहेब, झाडू कुणी मारायचा ते वकिलाला विचारून सांगतो. प्योच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढं नाजूक काम साहेबांनी आपल्याला सांगितलं, म्हणजे यादीत नाव लागलंच.

रविवारी त्याने मेंग यून-हीला कार्यालयात बोलावलं. ती त्याच्या हाताखाली संगणकाचं काम पाही. तिला चर्चमधून उठून यावं लागलं होतं आणि चेहऱ्यावर ते दिसत होतं. त्याने तिला काय काय पुसायचं ते सांगितलं. ती उभीच राहिली.

“बुजांगनीम, वकिलांची सूचना परवाच आलीय.”

“सूचना तुझ्यासारख्यांना असते, मेंग. मी इथे झाडायला लागलो तेव्हा तू शाळेत डबा सांडत होतीस.”

“बरोबर आहे. मग तुम्ही मला हेच एका मेलमध्ये लिहून पाठवा. लगेच करते.”

हल्लीच्या पोरांना निष्ठा म्हणून काही राहिली नाही, यावर प्योने तिला बराच वेळ ऐकवलं. तिने ऐकून घेतलं, वाकून नमस्कार केला आणि निघून गेली. तिने त्याच्यापुढे वाचायची वाट उघडून धरली होती, हे त्याच्या टाळक्यात शिरलं नाही. उलट एकट्याने केलं तर श्रेयही एकट्याचं, असा हिशेब करून तो बसला.

आणि पुसता पुसता त्याला ती सापडली. बांग जनमूंची स्वतःची मेल. साहेब व्हिएतनामात दानांगला गोल्फ खेळायला गेले असताना, काकडीवाला जवळ नसल्यामुळे, त्यांनी फोनवरून दोन ओळी लिहिल्या होत्या: यॉनसूच्या शाळा या खेपेला त्यांना सोडा, बुप्यॉंगच्या आपण घ्या, सोकला कळवा. खाली नाव. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून झालेली ही एकच चूक.

कुणालाही घाम फुटला असता आणि कुणीही तिची छापील प्रत काढून उशीच्या अभ्र्यात शिवली असती. प्योलाही घाम फुटला, पण साहेबांच्या काळजीने. बरं झालं ही माझ्याच नजरेला पडली, दुसऱ्या कुणाच्या पडती तर, असं तो खरोखर पुटपुटला. त्याने ती पुसली, तिची जागा पुन्हा पुन्हा भलत्याच माहितीने भरून पुसली, साठवणीच्या यंत्रावरची प्रत पुसली. मग जनमूंच्या खोलीत जाऊन, त्यांच्या चिटणीस बाईकडून फोनवर परवलीचा शब्द घेऊन, त्यांच्या संगणकावरूनही पुसली. आणि साहेबांना फोन करून दबक्या आवाजात सांगितलं की ती दानांगची मेल आता जगात कुठेही नाही.

“कुठली मेल?” बांग जनमू म्हणाले.

याला म्हणतात मोठा माणूस, असं प्योला वाटलं. घरी जाऊन त्याने बायकोला बाहेर जेवायला नेलं.

आयोगाची माणसं बुधवारी सकाळी निळी खोकी घेऊन आली आणि भरून घेऊन गेली. वर्षाअखेरीची यादी लागली, तीत प्योचं नाव नव्हतं. बायकोला त्याने सांगितलं की प्रकरण मिटेपर्यंत साहेबांनी मुद्दामच थांबवलं असेल. साहेब मात्र आता डोंगरावर दुसऱ्या कुणाला तरी नेत होते.

हिवाळ्यात त्याला सेजोंगला आयोगाच्या कचेरीत जबाबाला बोलावलं. चौकशी करणाऱ्या योम नावाच्या बाई थकलेल्या आणि सभ्य होत्या. त्यांनी त्याच्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर लाल ओळ होती, खाली त्याचं नाव. सोकने एकही नष्ट केली नव्हती. शिवाय शोधायलाही त्रास पडला नाही, त्या म्हणाल्या. ती लाल ओळ शोधली की तुमचं सगळं एका जागी येतं.

मग त्यांनी बांग जनमूंचा जबाब वाचून दाखवला. प्यो हा मेहनती, पण अतिउत्साही कर्मचारी. त्याने परस्पर हे उद्योग केले. मला कल्पना नव्हती, खेद होतो.

योम बाईंनी त्याच्यासमोर पाणी ठेवलं.

“प्यो बुजांगनीम, नीट ऐका. तुमच्या वरच्या माणसाची एक ओळ दाखवा, म्हणजे तुम्ही हुकमाचे ताबेदार ठरता. नाहीतर या कागदांवरून सूत्रधार तुम्ही, आणि खटला तुमच्या नावावर. सूचना आल्यावर पुसल्याचा गुन्हा आहेच.”

“एक मेल होती,” तो म्हणाला.

“कुठंय?”

“पुसली.”

योम बाई किंचित पुढे झुकल्या. “पुसलेलं परत मिळतं पुष्कळदा. दोन्ही संगणक आमच्या ताब्यात आहेत. आमची माणसं त्यात तरबेज आहेत. तुम्ही फक्त म्हणा, शोधायला लावते.”

बाई त्याला बुडत्याला द्यावा तसा हात देत होत्या. आणि त्या क्षणी प्यो गी-ह्वान दुखावला गेला. सबंध आयुष्यात त्याने एकच काम चोख केलं होतं आणि ही बाई त्याच्यावर शंका घेत होती.

“काही उपयोग नाही,” तो ताठ बसून म्हणाला. “मी स्वतः पुसलंय. तीनदा. जनमूंच्या खोलीतला संगणकसुद्धा सोडला नाही. तुमचीच काय, जगातली कुठलीच माणसं ते परत आणू शकणार नाहीत.”

योम बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग ते वाक्य टाइप केलं, छापलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. त्याने चष्मा लावून वाचलं. ‘तीनदा’ हा शब्द राहून गेला होता. तो त्याने घालायला लावला, आणि मग खाली सहीशेजारी अंगठा उठवला.